होंडा पॉइंट, ८ सप्टेंबर १९२३: एका विनाशिका स्क्वाड्रनचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री नऊ वाजून पाच मिनिटांच्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या ११ व्या विनाशिका स्क्वाड्रनची, म्हणजे तुकडीची, फ्लॅगशिप (कमांडर ज्यावर असतो ते आघाडीचे जहाज) 'डेल्फी' २० नॉट (ताशी २० सागरी मैल) वेगाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील होंडा पॉइंटच्या खडकांवर आदळली. तिच्या मागोमाग एकाच रांगेत आणखी १३ विनाशिका येत होत्या. पुढच्या काही मिनिटांत त्यांपैकी आठ जहाजे खडकांना लागली. दोन स्वतःच्या बळावर सुटली, उरलेली सहा आणि डेल्फी अशी सात जहाजे कायमची गेली आणि २३ खलाशी मृत्युमुखी पडले. शांततेच्या काळात अमेरिकी नौदलाने एका वेळी इतकी जहाजे गमावल्याचे दुसरे उदाहरण नाही.

हे प्रकरण सार्वजनिक नोंदींत आहे. तरीही येथे त्या रात्रीच्या अधिकाऱ्यांची नावे गाळून त्यांची पदेच दिली आहेत. नाव दिले की वाचकाची नजर त्या माणसाच्या चुकीवर खिळते. मला मात्र त्या पदावर बसलेल्या कोणाही माणसापुढे कोणते पर्याय होते हे तपासायचे आहे. विनाशिकांची स्क्वाड्रन नेमकी कशासाठी असते, तिच्यात एकट्या जहाजाच्या कप्तानाची जबाबदारी कुठे संपते आणि स्क्वाड्रन कमांडरची कुठे सुरू होते, हा प्रश्न या एका रात्रीइतक्या स्पष्टपणे क्वचितच पुढे आला असेल.

पार्श्वभूमी: स्क्वाड्रन कशासाठी होती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉर्पेडो (पाण्याखालून धावणारे स्फोटक अस्त्र) घेऊन धावणाऱ्या छोट्या बोटींनी मोठ्या युद्धनौकांची झोप उडवली, तेव्हा त्या बोटींचा समाचार घेण्यासाठी थोडे मोठे आणि वेगवान जहाज बांधले गेले, तीच विनाशिका. ब्रिटनचे 'हॅवॉक' हे १८९३ सालचे जहाज या वर्गातल्या पहिल्यांपैकी एक. लवकरच विनाशिकेने टॉर्पेडो स्वतःच उचलला आणि ती राखणदाराबरोबर हल्लेखोरही झाली. मात्र एकट्या विनाशिकेचा टॉर्पेडो हुकण्याचीच शक्यता जास्त होती. मोठी युद्धनौका वळण घेऊन चार टॉर्पेडो चुकवू शकते, पण आठ-दहा जहाजांनी एकाच वेळी, एकाच कोनातून सोडलेला टॉर्पेडोंचा जथा चुकवणे तिला जवळजवळ अशक्य असते. म्हणून विनाशिका सुट्या न ठेवता त्यांचे विभाग केले गेले, विभागांची स्क्वाड्रन केली गेली आणि तिच्या डोक्यावर एक कॅप्टन दर्जाचा अधिकारी बसवला गेला.

त्या काळी जहाजांवर रडार नव्हते आणि एका जहाजाच्या ब्रिजवरून (जहाज चालवण्याच्या कक्षातून) दुसऱ्याच्या ब्रिजवर बोलता येईल असा भरवशाचा रेडिओही नव्हता. रात्री दिवे मालवून हल्ल्याला जायचे तर एकत्र राहण्याचा एकच मार्ग होता. पुढच्या जहाजाच्या पिछाडीवर जळणारा एक मंद दिवा हेरायचा आणि त्याच्या मागे ठरलेले अंतर राखून चालायचे. हे अंतर न तुटू देणे ही विनाशिकेच्या कप्तानाची पहिली परीक्षा मानली जाई. रांग तुटली तर हल्ला फसतो, हे तत्त्व तरुण अधिकाऱ्यांच्या अंगात मुरवलेले होते, आणि युद्धाच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. दिशा फ्लॅगशिप ठरवणार आणि बाकीच्यांनी तिच्यामागून यायचे, हा या शिस्तीचा गाभा होता.

११ व्या स्क्वाड्रनची जहाजे क्लेमसन वर्गातली होती. लांबी ३१४ फूट, वजन सुमारे १,२०० टन, चार धुराडी, चार इंची चार तोफा, १२ टॉर्पेडो नळ्या आणि ३५ नॉटपर्यंत वेग. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत मागणी नोंदवलेली ही १५६ जहाजे बहुतांशी युद्ध संपल्यावरच बांधून पूर्ण झाली, आणि ती हाती आली तेव्हा पैशांची चणचण सुरू झाली होती. इंधनाचा कोटा ठरलेला असल्याने ही वेगवान जहाजे बहुतेक वेळ संथच चालवावी लागत. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन दिएगोला परतताना सबंध प्रवास २० नॉटने करण्याची परवानगी मिळाली, तेव्हा ती संधी दुर्मीळ होती. एंजिनांची आणि माणसांची युद्धकाळासारखी कसोटी घेणारा सराव म्हणून या प्रवासाकडे पाहिले गेले. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे वेग कमी करण्याचा प्रश्न आला तेव्हा तिचे ओझे प्रत्येक निर्णयावर होते.

त्या दिवशी रांगेत पुढे डेल्फी होती. तिच्यामागे ३३ व्या विभागाची 'एस. पी. ली', 'यंग', 'वुडबरी' आणि 'निकोलस', मग ३१ व्या विभागाची 'फॅरागट', 'फुलर', 'पर्सिव्हल', 'सॉमर्स' आणि 'चॉन्सी', आणि शेवटी ३२ व्या विभागाची 'केनेडी', 'पॉल हॅमिल्टन', 'स्टॉडर्ट' आणि 'थॉम्पसन'. एका जहाजाच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्याच्या नाळेपर्यंत अडीचशे यार्डांच्या आसपास अंतर होते. २० नॉटने हे अंतर सुमारे २२ सेकंदांत कापले जाते. जहाजाची स्वतःची लांबी वजा केली, तर पुढचे जहाज अचानक थांबल्यावर मागच्या कप्तानाला १३-१४ सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याने ते पाहायचे, ओळखायचे, हुकूम द्यायचा, सुकाणू फिरायचे आणि १,२०० टनांचे धूड वळायचे.

समस्या: आपण आहोत कुठे?

सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्यावर किनारा डावीकडे ठेवून दक्षिणेकडे यायचे, पॉइंट आर्ग्वेलो हे किनाऱ्याचे टोक ओलांडले की पूर्वेकडे वळायचे आणि सांता बार्बरा खाडीत शिरायचे, असा मार्ग होता. आर्ग्वेलोपाशी किनारा एकदम पूर्वेकडे वळतो. खाडीच्या तोंडाशी डावीकडे हे टोक आणि उजवीकडे सॅन मिगेल बेट. वळण लवकर घेतले तर जहाज मुख्य भूमीच्या खडकांवर जाते, उशिरा घेतले तर बेटाच्या. त्याच दिवशी सकाळी 'क्यूबा' नावाची प्रवासी आगबोट सॅन मिगेलपाशी खडकावर चढली होती. होंडा पॉइंट आर्ग्वेलोच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर आहे, आणि तिथल्या पाण्यातल्या सुळक्यांना जुने दर्यावर्दी 'सैतानाचा जबडा' म्हणत.

दृश्यमानता खराब होती आणि किनारा धुरकटलेला होता. आर्ग्वेलोच्या दीपगृहाचा दिवा नजरेस पडला असता तर सगळा प्रश्नच मिटला असता, पण तो दिसला नाही. अशा वेळी खलाशी 'डेड रेकनिंग' करतो, म्हणजे शेवटच्या खात्रीच्या स्थानापासून किती वेळ, कोणत्या दिशेने, किती वेगाने आलो याचा हिशेब मांडून नकाशावर टिंब देतो. या पद्धतीत जहाजाचा पाण्यातला वेग कळतो, पण पाणी स्वतः कुठे वाहते आहे ते कळत नाही. प्रवाह उलटा असेल, लाटांनी पंखे उचलले जात असतील किंवा सुकाणू किंचित ढळत असेल, तर चूक तासागणिक साठत जाते. एक आठवडा आधी, १ सप्टेंबरला, जपानमध्ये कांतोचा महाभूकंप झाला होता. त्याने प्रशांत महासागरातले प्रवाह आणि लाटा बदलल्या असाव्यात आणि म्हणून हिशेब चुकला असावा, असा तर्क पुढे मांडला गेला. तर्क म्हणून तो ठीक आहे, पण त्याने फारसे काही सुटत नाही. प्रवाह कोणत्याही कारणाने बदललेला असो, तो बदलला असेल ही शक्यता धरून चालणे हेच नौवहनाचे काम आहे.

या हिशेबाविरुद्ध बोलणारा एक साक्षीदार मात्र हजर होता. पॉइंट आर्ग्वेलोवर नौदलाचे रेडिओ दिशाशोधक केंद्र होते. जहाजाने संदेश पाठवायचा, केंद्राने अँटेना फिरवून तो कोणत्या दिशेने येतो ते पाहायचे आणि अंश कळवायचे. त्या काळच्या यंत्रात एक उणीव होती. संदेश कोणत्या रेषेवरून येतो हे ते सांगू शके, पण त्या रेषेच्या कोणत्या टोकाकडून येतो याचा घोटाळा होऊ शके. दुपारी केंद्राकडून असाच एक उलटा आकडा आला होता आणि फ्लॅगशिपवर तो चुकीचा असल्याचे ओळखलेही गेले होते. संध्याकाळनंतर आलेले आकडे मात्र जहाजे अजून केंद्राच्या वायव्येलाच असल्याचे सांगत होते, म्हणजे आर्ग्वेलो अजून ओलांडलेले नव्हते. हिशेब म्हणत होता की ते मागे पडले.

निर्णयाचा पहिला क्षण: कोणावर विश्वास ठेवायचा

डेल्फीचा कमांडिंग ऑफिसर हाच सबंध स्क्वाड्रनसाठी नौवहन पाहत होता आणि या कामात निष्णात म्हणून त्याचे नाव होते. त्याला स्वतःचा हिशेब भरवशाचा वाटला. दिशाशोधकाचा आकडा वायव्येचा आला तेव्हा त्याने उलटी बाजू गृहीत धरली, म्हणजे आपण केंद्राच्या दक्षिणेला गेलो आहोत आणि केंद्राला रेषेचे चुकीचे टोक दिसते आहे, असे मानले.

येथे त्याला हट्टी ठरवून पुढे जाणे सोपे आहे, पण त्याच्या खुर्चीत बसून पाहायला हवे. यंत्र नवे होते. त्याने दुपारीच एकदा दगा दिला होता. पिढ्यान् पिढ्या जहाजे हिशेबावर चालत आली होती. दोन पुरावे परस्परविरोधी असताना अनुभवी माणूस ओळखीच्या पुराव्याकडे झुकतो यात नवल नाही. खरी चूक माझ्या मते त्यानंतरची आहे. दोन पुरावे जुळत नाहीत, या वस्तुस्थितीलाच धोक्याची सूचना मानायला हवे होते. कोण खरे ते ठरवण्याआधी, आपल्याला आपले स्थान माहीत नाही, हे तरी निश्चित झाले होते. त्याऐवजी एक पुरावा दुसऱ्याला अनुकूल होईल अशा रीतीने वाचला गेला. उलटी बाजू गृहीत धरताच दिशाशोधकाचा आकडाही हिशेबाला दुजोरा देऊ लागला आणि शंकेला जागाच उरली नाही.

विचारात घेण्याजोगे पर्याय

नऊ वाजण्याच्या सुमारास फ्लॅगशिपपुढे चार वाटा होत्या.

पहिली, वेग कमी करून खोली मोजण्याची. शिशाचे वजन लावलेली दोरी सोडून पाण्याची खोली घेतली असती, तर किनारा किती जवळ आहे ते बऱ्याच अंशी कळले असते, कारण खाडीच्या तोंडाशी आणि खडकाळ किनाऱ्यालगत तळ सारखा नसतो. पण २० नॉटने धावताना ही मोजणी विश्वासार्ह होत नाही, आणि वेग कमी केला असता तर सरावाचा हेतूच मोडला असता. म्हणून ती घेतली गेली नाही.

दुसरी, दिशाशोधकावर विश्वास ठेवून आणखी काही मैल दक्षिणेकडे जाण्याची. केंद्र बरोबर असते तर ती सर्वांत सुरक्षित वाट होती. पण हिशेब बरोबर असता तर याच वाटेने स्क्वाड्रन सॅन मिगेलकडे गेली असती, आणि म्हणून ही वाट निर्धोक वाटली नाही.

तिसरी, पश्चिमेला खुल्या समुद्रात सरकून पहाटेची वाट पाहण्याची. यात वेळ गेला असता, कदाचित थोडी नाचक्कीही झाली असती, पण एकही जहाज धोक्यात आले नसते.

चौथी, हिशेबानुसार वळण्याची, आणि हीच स्वीकारली गेली. स्क्वाड्रन कमांडरने तिला संमती दिली.

या चारांत पहिली वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुसऱ्या आणि चौथ्या वाटेत एका पुराव्याची दुसऱ्यावर पैज लावावी लागत होती. खोली मोजणे हा तिसरा, दोघांपासून स्वतंत्र असा पुरावा होता आणि त्याची किंमत होती काही मिनिटांचा वेग. उजवीकडे बेट आणि डावीकडे मुख्य भूमी अशा दोन्हीकडच्या धोक्यात अडकलेल्या माणसाने थांबणे हाच शहाणपणा असतो. पण सराव मोडू नये, या एका कारणासाठी ती वाट आधीच बंद करून टाकलेली होती.

प्रत्यक्ष कृती

नऊ वाजता डेल्फीने दिशा बदलून जवळजवळ पूर्वेकडे, ९५ अंशांवर, वळण घेतले. मागची जहाजे एकेक करून त्याच जागी वळत गेली. वेग २० नॉटच राहिला. पुढे धुक्याचा जाड पट्टा होता आणि डेल्फी त्यात शिरली. पाच मिनिटांत जहाज जेमतेम दीड-पावणेदोन सागरी मैल जाते, आणि तेवढ्यातच ती खडकांवर आदळली.

एस. पी. लीच्या ब्रिजवरून पुढचे जहाज एकाएकी थांबल्याचे दिसले. तिने डावीकडे सुकाणू टाकले आणि थोड्या उत्तरेला किनाऱ्याला आडवी लागली. यंग सरळ आली. पाण्याखालच्या एका सुळक्याने तिचा तळ फाडला आणि काही क्षणांतच ती उजव्या कुशीवर कलंडली. एंजिन आणि बॉयलर विभागात कामावर असलेल्यांना वर येण्याइतका वेळ मिळाला नाही. त्या जहाजावरची २० माणसे गेली. जे वर पोहोचले ते जहाजाच्या वर आलेल्या डाव्या बाजूवर, तेलाने निसरड्या झालेल्या पोलादाला आणि पोर्टहोलच्या कडांना बोटे रुतवून, लाटांचे तडाखे खात अंधारात बसून राहिले. वुडबरी आणि निकोलस वळण्याच्या प्रयत्नात खडकांवर चढल्या.

फ्लॅगशिपवरून भोंगा वाजवला गेला आणि पश्चिमेकडे दूर राहण्याचा इशारा रेडिओवरून दिला गेला. ३१ व्या विभागाची आघाडीची फॅरागट जमिनीला लागली, पण उलट्या एंजिनांवर मागे येऊन सुटली. या मागे येण्यातच फुलर तिला घासून गेली आणि खडकांवर आदळली. सॉमर्स थोडक्यात निभावली. पर्सिव्हलला काहीच झाले नाही. चॉन्सी मात्र उलटलेल्या यंगवरच्या माणसांना वाचवायला पुढे गेली आणि तिच्याजवळच खडकांत अडकली. वाचवायला गेलेले जहाज अडकले, पण ते जवळ होते म्हणूनच यंगची माणसे वाचली. यंगवरचा एक मुख्य बोसन (डेकवरच्या खलाशांचा प्रमुख) दोर घेऊन खवळलेल्या पाण्यातून पोहत चॉन्सीपर्यंत गेला. त्या दोराच्या आधाराने तराफा ओढून नेला गेला आणि सुमारे ७० माणसे फेऱ्याफेऱ्यांनी चॉन्सीवर आणली गेली.

शेवटच्या विभागात वेगळे घडले. तिथला विभाग कमांडर केनेडीवर होता. फ्लॅगशिप आणि केंद्र यांच्यातली रेडिओवरची देवाणघेवाण मागच्या जहाजांनाही ऐकू येत होती आणि या विभागात दिशाशोधकाचे आकडे गांभीर्याने घेतले गेले होते. पुढे गडबड दिसताच त्याने आपली चारही जहाजे संथ केली, थांबवली आणि खोल पाण्यात वळवली. त्यांतल्या एकाही जहाजाला ओरखडा उठला नाही. त्याला वेळ जास्त मिळाला हे खरे आहे. रांगेत ११ व्या जागी असल्याने फ्लॅगशिपपेक्षा तो साडेतीन-पावणेचार मिनिटे मागे होता. पण ती मिनिटे वापरण्याची मनाची तयारी आधीच झालेली होती, आणि हेही तितकेच खरे आहे.

परिणाम

किनाऱ्यावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर रुळांची निगा राखणारे कामगार आवाजाने धावत आले आणि कड्यावरून दोर सोडून त्यांनी माणसे वर घेतली. पहाटे मासेमारीची एक बोट आली आणि बाहेरच्या खडकांवर अडकलेल्या खलाशांच्या मदतीला लागली. डेल्फीवरचे तिघे मेले. उरलेले शेकडो लोक वाचले ते कड्यावर चढून, दोरांवर लोंबकळून आणि एकमेकांना धरून.

चौकशीनंतर ११ अधिकाऱ्यांवर कोर्टमार्शल झाले. स्क्वाड्रन कमांडर आणि डेल्फीचा कमांडिंग ऑफिसर दोषी ठरले आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत अनुक्रमे १५० आणि १०० जागा खाली ढकलले गेले. निकोलसच्या कप्तानालाही दोषी ठरवले होते, पण तो निकाल पुढे रद्द झाला. बाकीचे सुटले. स्क्वाड्रन कमांडरने कोणावरही बोट न दाखवता सगळी जबाबदारी स्वतःकडे घेतली, आणि त्याच्या या वागण्याबद्दल सेवेत त्याच्याविषयीचा आदर टिकून राहिला.

चौकशीने एक तत्त्व स्पष्टपणे उचलून धरले. रांगेत असलो तरी जहाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कप्तानाची असते, आणि फ्लॅगशिपच्या मागे होतो हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कायद्याने हे बरोबर आहे. पण ज्या सेवेने कप्तानांना वर्षानुवर्षे रांग न मोडण्याचे शिक्षण दिले, अंतर राखण्यावर त्यांची गुणवत्ता मोजली आणि नौवहन फ्लॅगशिपकडे सोपवले, त्याच सेवेने रांग मोडली नाही म्हणून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. बहुतेक सगळे सुटले, यामागे ही विसंगती न्यायाधीशांनाही टोचली असणार, असे मला वाटते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, १४ जहाजांवर १४ नौवहन अधिकारी होते आणि प्रत्येकाच्या टेबलावर नकाशा होता. फ्लॅगशिपने वळण्याआधी निदान तिन्ही विभाग कमांडरांकडून त्यांची स्थिती मागवली असती, तर हिशेबांत किती फरक आहे ते काही मिनिटांत कळले असते. मोठ्या ताफ्याचा हा फुकटचा फायदा वापरलाच गेला नाही. उलट १४ डोळ्यांऐवजी एकच डोळा उघडा होता.

दुसरी, शंका वर पोहोचवण्याची वाट तेव्हाच्या शिस्तीत नव्हती. शेवटच्या विभागाने आपली जहाजे वाचवली, ही त्या कमांडरची मोठी गोष्ट. पण त्याच्या विभागात आधीपासून असलेली शंका फ्लॅगशिपच्या ब्रिजवर निर्णय बदलण्याइतक्या जोराने पोहोचली असती, तर सातही जहाजे वाचली असती. खालच्याने वरच्याच्या नौवहनावर बोलणे तेव्हा आगाऊपणाचे मानले जात असे.

तिसरी, धुक्यात शिरण्यापूर्वी अंतर वाढवता आले असते. १३-१४ सेकंदांचे अंतर टॉर्पेडो हल्ल्यासाठी असते, स्थान अनिश्चित असताना किनाऱ्याकडे वळण्यासाठी नव्हे. अंतर दुप्पट असते तरी डेल्फी गेलीच असती, पण तिच्यामागची यंग कदाचित वाचली असती, आणि सर्वाधिक माणसे तिच्यावरच गेली.

चौथी, सरावाच्या आदेशातच थांबण्याची मुभा लिहायला हवी होती. स्थान अनिश्चित झाल्यास वेग कमी करणे हे अपयश मानले जाणार नाही, एवढे एक वाक्य त्यात असते, तर खोली मोजण्याचा पर्याय विचारातून आधीच बाद झाला नसता.

स्क्वाड्रनची पुढची वाटचाल

दोन दशकांनंतर तीच संघटना दुसऱ्या मनाने लढताना दिसते. दुसऱ्या महायुद्धात, प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांच्या लढायांत, सुरुवातीला अमेरिकी विनाशिका क्रूझरांच्या (विनाशिकांहून मोठ्या युद्धनौकांच्या) रांगेला बांधलेल्या असत आणि टॉर्पेडो सोडण्यासाठी परवानगीची वाट पाहत. ६ ऑगस्ट १९४३ च्या रात्री व्हेला आखातात सहा विनाशिका स्वतंत्रपणे, तीन-तीनच्या दोन विभागांत लढल्या आणि त्यांनी चारपैकी तीन जपानी विनाशिका बुडवल्या. त्याच वर्षी २३ व्या विनाशिका स्क्वाड्रनचे कॅप्टन आर्ली बर्क यांनी आग्रह धरला की, शत्रू दिसताच विनाशिकांनी वरच्या हुकमाची वाट न पाहता हल्ला करावा. २५ नोव्हेंबरला केप सेंट जॉर्जपाशी त्यांच्या पाच जहाजांनी पाचपैकी तीन जपानी विनाशिका बुडवल्या आणि आपला एकही माणूस गमावला नाही. यामागे रडार होते, जहाजाजहाजांत थेट बोलता येणारा रेडिओ होता, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे विभाग कमांडरला काय करायचे ते आधीच ठाऊक होते. १९२३ साली केनेडीवर जे एका माणसाने स्वतःच्या जोखमीवर केले, ते आता स्क्वाड्रनचे धोरण झाले होते.

धडा एकदा शिकला की कायमचा राहतो असे मात्र नाही. केप सेंट जॉर्जला लढलेली 'स्पेन्स' १८ डिसेंबर १९४४ रोजी फिलिपिन्सच्या पूर्वेला चक्रीवादळात उलटली. तिच्यासोबत 'हल' आणि 'मोनॅहन' याही विनाशिका गेल्या आणि त्या वादळात एकूण सुमारे ७९० माणसे मृत्युमुखी पडली. ताफ्याबरोबर राहण्याच्या आणि इंधन भरून घेण्याच्या प्रयत्नात सुरक्षिततेचे उपाय लांबणीवर पडले होते. त्यानंतर अमेरिकेच्या प्रशांत ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमित्झ यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये ताफ्याला लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता की, जहाज वाचवण्याचे सगळे उपाय ते करणे शक्य असतानाच करायचे असतात. होंडा पॉइंटच्या चौकशीने कप्तानाला जे शिक्षेच्या रूपाने सांगितले होते, ते या पत्राने सूचनेच्या रूपाने सांगितले.

आजची विनाशिका ९,००० टनांच्या आसपासची असते. स्क्वाड्रनची जहाजे एकमेकांना दिसणारही नाहीत इतक्या अंतरावर पसरलेली असतात. विमानवाहू नौकेच्या गटात स्क्वाड्रन कमांडर पाणबुड्यांविरुद्धच्या आणि पृष्ठभागावरच्या लढाईचे नियोजन करतो, आणि बंदरात असताना आपल्या जहाजांचे शिक्षण व सज्जता पाहतो. पिछाडीच्या दिव्यामागे चालण्याचा काळ संपला, पण जबाबदारीचा प्रश्न सज्जतेच्या रूपाने परत आला. १७ जून २०१७ रोजी 'फिट्झगेराल्ड' आणि २१ ऑगस्टला 'जॉन एस. मॅकेन' या जपानमधल्या योकोसुका तळावरच्या विनाशिका व्यापारी जहाजांवर आदळल्या आणि १७ खलाशी मेले. रडार आणि उपग्रहावरून मिळणारे स्थान दोन्ही ब्रिजवर होते. चौकशीत अपुरे शिक्षण, थकलेली माणसे आणि मोहिमांच्या ओझ्याखाली दबलेले वेळापत्रक समोर आले. त्या वेळी दोन्ही जहाजांच्या कप्तानांबरोबर स्क्वाड्रनच्या कमांडरलाही पदावरून दूर केले गेले.